हिपॅटायटिस बी : बाळपणीची लस किती वर्षे पुरते?

बाळपणी टोचलेली हिपॅटायटिस बीची लस दहा-पंधरा वर्षांत निकामी होते, त्यामुळे मूल कॉलेजात जाण्यापूर्वी तिचा बूस्टर, म्हणजे वर्धक मात्रा, द्यावाच लागतो, हा समज सुशिक्षित घरांत इतका पक्का आहे की कित्येक पालक पदरचे पैसे खर्चून मुलांचे रक्त तपासून घेतात आणि अहवालातील आकडा खाली गेलेला दिसताच धास्तावतात. या धास्तीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे आणि तिच्यावरून काढलेला एक चुकीचा निष्कर्ष.

खरी गोष्ट अशी की, लसीमुळे रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिने, तयार होतात. लसीकरण पूर्ण झाल्यावर त्यांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके भरले, तर लस लागू पडली असे मानतात, आणि हे प्रमाण पुढे वर्षागणिक घटत जाते. परंतु प्रतिपिंडे ओसरली तरी ती घडवण्याचे ज्ञान असलेल्या स्मृतिपेशी शरीरात राहतात, आणि विषाणू शिरल्यास त्या थोड्याच दिवसांत नव्याने प्रतिपिंडे बनवू लागतात. उलट या विषाणूला आजार उत्पन्न करण्यास साधारण एक ते सहा महिने लागतात, त्यामुळे शर्यतीत शरीराला पुरेसा अवधी मिळतो. नेहमीच्या चाचणीत प्रतिपिंडे मोजली जातात, स्मृतिपेशी नव्हेत, ही साधी बाब ध्यानात न घेता निव्वळ आकड्यावरून ‘संरक्षण संपले’ असे सांगणे अशास्त्रीय आहे, मग ते कोणीही सांगो.

शंका घेणाऱ्यांसाठी पुरावा अलास्कातील आहे. तेथील मूलनिवासी समाजात १९८१ साली लस घेतलेली मुले व प्रौढ ३० वर्षांनी पुन्हा तपासण्यात आले, तेव्हा सुमारे ५१ टक्के लोकांतच प्रतिपिंडे १० एककांच्या वर होती. मात्र उरलेल्यांपैकी ज्यांना एक मात्रा देऊन पाहिली, त्यांतील ८८ टक्के लोकांची प्रतिपिंडे महिन्याभरात त्या पातळीच्या वर गेली. तान्ह्या मुलांपुरते बोलायचे, तर तैवानचे उदाहरण आहे : तेथे १९८४ साली नवजात बालकांचे लसीकरण सुरू झाले, आणि तैपेईतील १५ वर्षांखालील मुलांत विषाणू बाळगणाऱ्यांचे प्रमाण १९८४ मधील ९.८ टक्क्यांवरून १९९९ मध्ये ०.७ टक्क्यावर आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हे संरक्षण किमान २० वर्षांचे, बहुधा आजन्म असते आणि निरोगी व्यक्तीला बूस्टरची शिफारस नाही. ‘आजन्म’ हा शब्द ‘बहुधा’वाचून लिहिता येत नाही, कारण पहिली लसच १९८१ च्या सुमारास वापरात आली आणि त्या काळी टोचलेली तान्ही बाळे अद्याप म्हातारी झालेली नाहीत. अपवाद अर्थातच आहेत : डायलिसिसवरील रुग्णांची प्रतिपिंडे दरवर्षी मोजून ती घटल्यास मात्रा देतात, प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि रक्ताशी रोज संबंध येणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची तपासणी योग्यच ठरते. हे नियम सुदृढ विद्यार्थ्याला लावण्यात अर्थ नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकालात निघतात. ही लस घेतली की कोणतीच कावीळ होत नाही, हे खोटे. दूषित पाण्यातून पसरणारे ए आणि ई हे विषाणू निराळे आहेत. लसीतून आजार होतो, हेही खोटे, कारण तिच्यात विषाणू नसतोच, यीस्टमध्ये तयार केलेले त्याच्या आवरणावरील एक प्रथिन असते. एखादी मात्रा चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या मात्रा पूर्ण केल्या की पुरते.

आई बाधित नसेल तर जन्मतःची मात्रा अनावश्यक, हा समज मात्र सर्वांत घातक आहे, कारण आईचे निदान कधी झालेलेच नसते, कधी बाळाला संसर्ग घरातील इतरांकडून होतो, आणि जन्मावेळी संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा ठाण मांडतो, तर प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी असते. म्हणूनच भारताच्या लसीकरण वेळापत्रकात ही मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत, आणि पुढच्या तीन मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरील एकत्रित लसीतून दिल्या जातात.