माधवराव सप्रे : केसरीकार ते सल्लागार

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी घरातले हिंदी पत्रकार. रायपूरच्या बूढापाऱ्यातली सप्रे शाळा त्यांच्याच नावाची. पूर्वार्धात त्यांनी स्वतः राजकीय लेखन केले, उत्तरार्धात लिहिणारी आणि बोलणारी माणसे उभी केली. या दोहोंच्या मध्ये एक माफीनामा आहे.

जन्म दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, शाळा बिलासपूर-रायपूरची. बी. ए. झाल्यावर सरकारी नोकरीच्या मागे न लागता त्यांनी पेंड्र्याच्या राजकुमाराची इंग्रजीची शिकवणी धरली. त्या पगाराच्या जोरावर जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक निघाले. संपादनात जोडीला रामराव चिंचोलकर, प्रकाशक रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी! पेंड्र्यात छापखाना नव्हता. अंक आधी रायपूरला, मग नागपूरला छापून घ्यावा लागे. वर्गणीदार बेताचेच. तीन वर्षांत तोटा सोसवेनासा झाला आणि मासिक बंद पडले.

सप्रे नागपूरला आले ते वंगभंगानंतरच्या धामधुमीत. स्वदेशी आणि बहिष्कारावरची त्यांची पुस्तिका सरकारने जप्त केली. १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’ सुरू झाला. पुण्याच्या ‘केसरी’तले लेख हिंदीत आणून टिळकांचे राजकारण मध्य प्रांतातल्या हिंदी वाचकापर्यंत न्यायचे, हे त्याचे मुख्य काम. पण सप्रे एवढ्यावर थांबले नाहीत. राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार या विषयावर त्यांनी निबंधस्पर्धा लावली. पहिला आला खंडव्याचा एक तरुण शिक्षक, माखनलाल चतुर्वेदी. लेखक हेरण्याची ही नजर पुढे त्यांच्या लेखणीपेक्षाही जास्त उपयोगी पडली.

जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली सप्रे पकडले गेले. घरच्यांच्या दबावापुढे वाकून त्यांनी नोव्हेंबरात माफी लिहून दिली आणि सुटका करून घेतली. जहालांच्या वर्तुळात याचा अर्थ काय होत असे, ते सांगायला नको. सप्रे सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, रामदासी पंथाकडे वळले आणि माधुकरी मागून राहू लागले. ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर या काळातल्या अभ्यासाचे फळ. पुढे ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदीत आणले. मंडालेत लिहिलेला ग्रंथ माफी मागून सुटलेल्या माणसाच्या हाती टिळकांनी दिला, यावरून त्यांच्या मनात किल्मिष नसावे असेच म्हणावे लागेल. चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा अनुवादही सप्र्यांचाच.

राजकारणात ते परतले, पण पुन्हा कधी पुढच्या रांगेत बसले नाहीत. १९२० मध्ये जबलपुरात ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत विष्णुदत्त शुक्लांबरोबर सप्रे होते. संपादकाच्या खुर्चीत मात्र बसले बारा वर्षांपूर्वीचे ते निबंधवाले माखनलाल. पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले तेही माखनलालच. तरुण सेठ गोविंददासांना हिंदीच्या आणि राष्ट्रीय कामाला लावण्यातही सप्र्यांचा वाटा होता. रायपुरात जुने सहकारी लाखे असहकारात उतरले, त्यांनी ‘रायसाहेब’ हा किताब परत केला.

उत्तरार्धातले सप्रे हे एका अर्थी सल्लागारच. आज निवडणुकीत नेत्याची भाषणे, घोषणा, वर्तमानपत्रांतली बाजू सांभाळणारा सल्लागार असतो, त्याला मोबदला आणि करार असतो. सप्र्यांच्या कामात निवडणूक नव्हती आणि पैसा तर मुळीच नव्हता. काम मात्र त्याच जातीचे होते: पत्र कुठून काढायचे, संपादक कोण, कोणत्या गावात कोणाला भेटायचे.

१९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मराठी माणसाला हिंदीने दिलेला हा मान तेव्हाही सोपा नव्हता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले. भोपाळला १९८४ मध्ये त्यांच्या नावाने वृत्तपत्र संग्रहालय उभे राहिले. जुन्या हिंदी नियतकालिकांचा माग काढणाऱ्या अभ्यासकांना आज तिथे जावे लागते.