वॉरंटी संपली म्हणजे नेमके काय संपले?

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस बिलावरची तारीख बघतो आणि सांगतो, ‘वॉरंटी संपलीय, पैसे भरावे लागतील.’ त्या वाक्यात खोटे काही नसते. ऐकणारा मात्र त्यातून बरेच जास्त ऐकतो: कंपनीची जबाबदारी संपली, आता दाद मागायला जागा नाही. याच्या अगदी उलट, फोन कधीही बिघडो, ग्राहक न्यायालयात गेले की पूर्ण पैसे व्याजासकट परत मिळतात, असे छातीठोकपणे सांगणारेही पुष्कळ भेटतात. पहिल्याला आपला हक्क कुठवर पोचतो ते माहीत नसते आणि दुसऱ्याला तो सिद्ध करावा लागतो हे माहीत नसते. वॉरंटी म्हणजे काय, एवढे नीट पाहिले तर दोघांचीही गाडी रुळावर येते.

फोनवर एक वर्षाची वॉरंटी द्यावी, असे सांगणारा कायदा भारतात नाही. ते कंपनीने स्वतःहून दिलेले वचन असते आणि मुदत, अटी, अपवाद सगळे तीच ठरवते. हँडसेटला वर्षभर आणि चार्जरला सहा महिने, असा फरक त्यामुळेच करता येतो. या वचनाचा खरा फायदा असा, की मुदतीत फोन बंद पडला तर दोष का आला याचा खल ग्राहकाला करावा लागत नाही. फोन आपटलेला किंवा भिजलेला नसला की पुरे. मुदत संपल्यावर ही सोय जाते. कायदा मात्र जागच्या जागी असतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे. कायद्याने, करारातल्या लिखित वा गृहीत अटींमुळे, किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यामुळे वस्तूचा जो दर्जा असायला हवा, त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. या व्याख्येत वॉरंटीच्या मुदतीचा उल्लेखच नाही. त्याआधीच्या, १९३० च्या माल विक्री कायद्यातही वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी ही अट गृहीत धरलेली आहे. म्हणजे वॉरंटीची तारीख उलटल्यावर हक्क नाहीसा होत नाही, पुराव्याचे ओझे ग्राहकाच्या खांद्यावर येते. बिघाड आपल्या वापरातून आलेला नाही, तो आधीपासून फोनमध्येच होता किंवा कंपनीच्या कृतीतून आला, हे आता आपण दाखवायचे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. वॉरंटी कार्डावर तर ‘याव्यतिरिक्त कंपनीवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही’ अशा अर्थाचा मजकूर असतो, त्याचे काय? तो मजकूर कराराचा भाग आहे. १९३० च्या कायद्यातल्या गृहीत अटी कराराने बाजूला ठेवता येतात, हेही खरे. पण ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेली दाद कार्डावरच्या बारीक टायपाने रद्द होत नाही. उलट अनेक वॉरंटी पत्रकांतच ‘ग्राहकाच्या कायदेशीर हक्कांना बाधा येत नाही’ असे वाक्य असते. ते सहसा शेवटच्या पानावर असते, हा भाग वेगळा.

परदेशी राहणाऱ्या आप्तांकडून दोन वर्षांची, सहा वर्षांची हमी ऐकलेली असते आणि तीच इथेही लागू आहे, असा आणखी एक समज त्यातून तयार होतो. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याखालचा दावा इंग्लंडमध्ये सहा आणि स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांपर्यंत करता येतो. पण तिथेही ही सगळी वर्षे सारखी नाहीत. ब्रिटनमध्ये पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असे सर्वसाधारणपणे गृहीत धरतात, त्यानंतर तो ग्राहकाने सिद्ध करायचा. काळ सरकतो तसे ओझे सरकते, हे तत्त्व तिथल्या कायद्यात आकड्यांनी लिहिलेले आहे. आपल्याकडे ते आकडे नाहीत, त्यामुळे प्रत्येक प्रकरणात वाद नव्याने घालावा लागतो.

मग वाद कशावर घालता येतो आणि कशावर नाही? फुटलेली काच, वाकलेली चौकट, सैल झालेले चार्जिंग पोर्ट यांसाठी भांडण्यात अर्थ नाही. बॅटरीची क्षमता घटणे हाही दोष नव्हे, लिथियम-आयन बॅटरीचा तो स्वभाव आहे. ॲपलच स्वतः सांगते, की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर आणि आयफोन १५ पासूनच्या १००० चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत. दीड-दोन वर्षे रोज वापरलेल्या फोनची बॅटरी लवकर उतरली, तर ती स्वखर्चाने बदलावी. तीच बॅटरी फुगली तर प्रश्न निराळा. पाण्याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. जाहिरातीत फोन पोहण्याच्या तलावात उतरतो आणि वॉरंटीच्या अटींत मात्र द्रवामुळे झालेले नुकसान वगळलेले असते. अशाच जाहिरातींवरून ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तो निर्णय भारतात बंधनकारक नाही, पण आपल्या व्याख्येतले ‘विक्रेत्याने केलेल्या दाव्यामुळे’ हे शब्द इथे कामाला येतात. फोन घेताना पाहिलेली जाहिरात जपून ठेवली असेल तर ती पुरावा ठरू शकते.

सगळ्यात भक्कम बाजू असते ती एकाच मॉडेलच्या हजारो फोनमध्ये दिसणाऱ्या बिघाडाची. पडद्यावर उभी हिरवी रेष उमटणे हा भारतीय ग्राहकांना चांगलाच परिचित असलेला प्रकार. त्याबद्दल ओरड झाल्यावर वनप्लसने २०२३ मध्ये भारतात अशा फोनचा डिस्प्ले आयुष्यभर मोफत बदलून देण्याचे जाहीर केले. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस मालिकेतल्या काही मॉडेलना एकदा मोफत डिस्प्ले देऊ केला. खरेदीला तीन वर्षे उलटलेली नसावीत आणि ठरलेल्या तारखेआधी फोन आणावा, अशा त्याच्या अटी होत्या. ॲपलने आयफोन १४ प्लसच्या मागच्या कॅमेऱ्यासाठी अशीच योजना काढली. १० एप्रिल २०२३ ते २८ एप्रिल २०२४ या काळात बनलेल्या काही फोनना खरेदीपासून तीन वर्षे ती लागू होती आणि आधीच पैसे भरून दुरुस्ती केलेल्यांना परताव्याची सोयही होती. म्हणून एस्टिमेटला होकार देण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी योजना आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून पाहावे. काउंटरवरचा माणूस ते आपणहून सांगेलच, असे नाही. ही तर कंपन्यांची मेहेरबानी, यात कायदा कुठे आला, असे कुणी म्हणेल. अर्धे बरोबर आहे: अशा योजनेत कंपनी चूक कबूल करत नाही, मॉडेल आणि तारखा स्वतःच्या सोयीने ठरवते. पण तोच दोष असलेला फोन यादीबाहेर राहिला, तर याच योजनेकडे बोट दाखवून विचारता येते, की तिथे जो बिघाड वापरामुळे आलेला नाही, तो इथेच वापरामुळे कसा आला?

अपडेटनंतर बिघडलेला फोन वापरातली झीज आणि मूळचा दोष या दोन्हींच्या मधोमध उभा असतो. ‘कंपन्या जुने फोन मुद्दाम बिघडवतात’ हे सरसकट विधान पुराव्यावर टिकत नाही. पण २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने मान्य केले, की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरनेच कमी केला होता. त्यानंतर भारतातली बॅटरी बदलण्याची किंमत ६,५०० वरून २,००० रुपयांवर आली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अपडेटच्या मुद्द्यावर ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयओएस १८ नंतरच्या तक्रारींबद्दल ॲपलकडे खुलासा मागितल्याचे केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. तरीही ‘काल अपडेट केला, आज बंद पडला’ एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अपडेटचा क्रमांक, तारीख, आधी-नंतरचे स्क्रीनशॉट आणि त्याच मॉडेलच्या इतर तक्रारी जमल्या, की युक्तिवादाला वजन येते.

पुरावा खरे तर सर्व्हिस सेंटरमध्येच तयार होतो आणि बहुतेकांचा तिथेच निसटतो. फोन जमा करताना मिळणाऱ्या जॉबशीटवर बिघाडाचे वर्णन आणि फोनची बाहेरून स्थिती नीट लिहून घ्यावी. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान झाले, कारण नव्हे. कारण लेखी मागावे, ईमेलने मागितले तर उत्तम. त्याआधी फोन कोपऱ्यावरच्या दुकानात उघडून घेतला, तर दोष मूळचा होता हे दाखवणे जवळजवळ अशक्य होते. ग्राहक आयोग, म्हणजेच ग्राहक न्यायालय, दोष तपासण्यासाठी फोन प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तशी तरतूद कायद्यात आहे. पण उघडून जोडलेल्या फोनबद्दल प्रयोगशाळा तरी काय सांगणार? पैसे भरून केलेली अधिकृत दुरुस्ती मात्र नवी सेवा असते. तोच बिघाड पुन्हा आला, तर वॉरंटी केव्हाच संपलेली असली तरी सेवेतील त्रुटीची स्वतंत्र तक्रार होते. म्हणून दुरुस्तीचे पक्के बिल फोनच्या बिलाइतकेच महत्त्वाचे.

आता परताव्याबद्दल. कायद्यानुसार आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. यातले काय मिळेल, हे आयोग ठरवतो. सुशील कुमार गाबगोत्रा यांच्याविरुद्धच्या मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले, की वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. वॉरंटीतल्या मोटारीची ही गत, तर दोन वर्षे वापरलेल्या फोनची पूर्ण किंमत मिळेल ही अपेक्षा क्वचितच फळते. मोफत दुरुस्ती किंवा भरलेला खर्च परत, ही मागणी अधिक टिकते. ‘तीस दिवसांत परत घेतलेच पाहिजे’ हेही अर्धवट ऐकलेले असते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा ठरते. रंग आवडला नाही म्हणून परत करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

एवढ्यासाठी कोर्टकचेरी कोण करणार, हा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. तीन हजारांच्या डिस्प्लेसाठी आयोगाकडे जाणे अनेकांना परवडणार नाही. पण आधीच्या पायऱ्या स्वस्त आहेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मुदत देऊन लेखी पत्र, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, तिला आदेश देता येत नाही. पण काउंटरवर अडलेले प्रकरण तिथून कंपनीच्या वरच्या टेबलावर पोचते. तरीही उत्तर नाही आले तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कंपनीचे कार्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, तीही ऑनलाइन. कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करायची असते. ही दोन वर्षे आणि वॉरंटीचे एक वर्ष यांचा परस्परांशी संबंध नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, हे गृहीत धरूनच पाऊल उचलावे.

‘दुरुस्तीचा हक्क’ आता मिळालाच आहे, हा सगळ्यात ताजा गैरसमज. केंद्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्या नावाचे पोर्टल सुरू केले. तिथे कंपन्यांची दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते. पण अमुक वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवाच, असे कंपन्यांना बांधणारा कायदा त्यामागे नाही. युरोपीय संघात जून २०२५ पासून फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे भाग पुरवणे बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे ‘या मॉडेलचा पार्ट येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर तूर्त तेही लेखी घ्यावे आणि तक्रारीला जोडावे.