मुलाम्याखालचे पोलाद
१९६१ साली जिनिव्हात सादर झालेल्या जॅग्वार ई-टाइपसारख्या जुन्या ब्रिटिश मोटारींच्या इंजिनावरील अनेक नट-बोल्ट, स्प्रिंगा आणि कार्ब्युरेटरच्या दांड्यांवर कॅडमियम किंवा जस्ताचा मुलामा असे. हा थर पोलादाआधी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवतो. कॅडमियम विषारी असल्याने आता बहुधा जस्ताचा मुलामा देऊन त्यावर पिवळसर रासायनिक लेप चढवतात. खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही: आम्लात गंज उतरवताना आणि मुलामा चढताना निर्माण होणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो, आणि वरून लखलखीत दिसणारा बोल्ट आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक तुटतो. म्हणून अशा पोलादाचे भाग मुलाम्यानंतर लगेच, सुमारे २०० अंश सेल्सिअसला, कित्येक तास भट्टीत ठेवावे लागतात. जोडणीतही घाई नडते, कारण अवघा ८ मायक्रॉनचा थर आट्यांच्या तिरक्या बाजूंवर बसल्याने त्यांचा परिणामी व्यास सुमारे ३२ मायक्रॉनने वाढतो. नट हाताने सहज फिरतो का, हे आधी पाहिलेच पाहिजे. कनेक्टिंग रॉडचे जुने बोल्ट तर मुलाम्याला देऊच नयेत; ते नवेच घ्यावेत.