आईच्या पेशी, लेकीचा प्रश्न

विज्ञानाची कास धरा, असे आपण चळवळीतले लोक सांगतो. योग्यच आहे. पण विज्ञान कोणाच्या देहावर उभे राहिले? रिबेका स्क्लूट यांचे हेन्रिएटा लॅक्सवरील २०१० चे पुस्तक हेच विचारते. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, काळ्यांच्या वेगळ्या वॉर्डात, कर्करोगाने आजारी हेन्रिएटाच्या पेशी तिला न विचारता घेतल्या. त्याच वर्षी ती गेली. पेशी वाढत राहिल्या. पोलिओ लसीच्या चाचणीला उपयोगी पडल्या, जगभर विकल्या गेल्या. घरच्यांना १९७३ पर्यंत पत्ताच नव्हता! आई गेली तेव्हा डेबोरा दोन वर्षांचीही नव्हती. तिला जाणून घ्यायचे होते, आई होती तरी कशी? २००१ मध्ये तिने सूक्ष्मदर्शकातून आईच्या पेशी पाहिल्या. पुस्तक येण्याआधीच, २००९ मध्ये, तीही गेली.