किल्ला, पेठ आणि भाषा : उत्तर वेल्समधील दुर्गांच्या एकदिवसीय सहलीचे वाचन

विषयप्रवेश

इंग्लंडमधील चेस्टर, लिव्हरपूल किंवा मँचेस्टर या शहरांतून उत्तर वेल्समधील मध्ययुगीन दुर्ग आणि नगरे पाहण्यासाठी खाजगी सहली निघतात. त्यांचे स्वरूप साधारणतः ठरलेले असते. एक मोटार, चार-सहा प्रवासी, आणि मोटार चालविणारा स्वतःच मार्गदर्शक. सकाळी निघून सायंकाळी परत यायचे, आणि त्या आठ-दहा तासांत कॉन्वी, बोमॅरिस व कायर्नार्वॉन हे तीन दुर्ग त्यांच्या नगरांसह पाहावयाचे. मोठ्या बसमधील पन्नास प्रवाशांना जे प्रश्न विचारता येत नाहीत, ते येथे विचारता येतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. परंतु वेळ थोडा असल्याने इतिहास गोष्टीरूपाने आटोपशीर होतो, आणि गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली जाते हे श्रोत्याच्या ध्यानात येत नाही, ही तिची मर्यादाही आहे.

प्रस्तुत लेखात या मार्गावरील तीन स्थळांचा परिचय करून देताना एक मुद्दा मांडावयाचा आहे. हे दुर्ग स्वतंत्र वास्तू म्हणून पाहिले, तर त्यांचा अर्थ अर्धाच हाती लागतो. दुर्ग, त्याच्या पायथ्याची तटबंद पेठ आणि त्या तटाबाहेर ठेवली गेलेली भाषा या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या, तरच त्यांच्या उभारणीचे प्रयोजन कळते.

'कॅसल' म्हणजे काय?

मराठीत 'कॅसल' या शब्दासाठी आपण सरसकट 'किल्ला' हा शब्द योजतो. तो चुकीचा नाही, पण पुरेसाही नाही. युरोपातील मध्ययुगीन कॅसल हे मुळात एखाद्या राजाचे किंवा सरदाराचे तटबंद निवासस्थान असते. त्या दृष्टीने ते आपल्याकडील गढीला अधिक जवळचे आहे. सह्याद्रीतील गिरिदुर्गांचे मुख्य बळ डोंगराच्या कड्यात असते, आणि तट-बुरूज त्याला पूरक ठरतात. वेल्समधील या दुर्गांचे बळ मात्र प्रामुख्याने बांधकामात आणि समुद्रमार्गे होणाऱ्या रसदीत आहे. भिंतीवरील चर्या, बाण सोडण्यासाठी ठेवलेल्या जंग्या, दरवाजापुढील आडोसा, खंदक हे घटक मराठी वाचकाला नवे नाहीत. तटबंदीच्या आत परक्या राज्यकर्त्यांची वसाहत आणि समुद्राकडून येणारी रसद, ही या स्थळांची रचना समजून घ्यायची तर पोर्तुगीजांच्या वसईची आठवण अधिक उपयोगी पडते.

पूर्वपीठिका

तेराव्या शतकात वेल्सच्या वायव्य भागात ग्विनेद हे स्थानिक राजघराण्याचे राज्य होते. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड (कारकीर्द १२७२ ते १३०७) याने त्यावर दोन मोहिमा केल्या. पहिलीनंतर १२७७ मध्ये तह झाला. दुसरी १२८२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी वेल्सचा राजपुत्र लिवेलिन आप ग्रिफिद मारला गेला. त्याचा भाऊ दाविद याला पुढील वर्षी श्रूझबरी येथे देहान्त शासन झाले. १२८४ च्या रुडलन येथील कायद्याने जिंकलेल्या प्रदेशाची इंग्रजी धर्तीवर प्रशासकीय विभागणी करण्यात आली.

मोहीम संपण्यापूर्वीच दुर्गांची उभारणी सुरू झाली होती. तिची सूत्रे सव्हॉय प्रांतातून आलेल्या जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या स्थपतीकडे होती. आज कॉन्वी, कायर्नार्वॉन, बोमॅरिस व हार्लेख हे चार दुर्ग, तसेच कॉन्वी आणि कायर्नार्वॉन या नगरांचे तट, १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. यादीत दुर्गांबरोबर नगरांच्या तटांनाही स्थान मिळाले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची होय.

कॉन्वी : मठाच्या जागी पेठ

चेस्टरहून सुमारे तासाभराच्या प्रवासानंतर कॉन्वी नदीच्या मुखाशी खडकावर उभा असलेला आठ बुरुजांचा दुर्ग दिसू लागतो. त्याचे काम १२८३ मध्ये सुरू झाले आणि १२८७ पर्यंत बहुतांशी पूर्ण झाले. दुर्ग आणि नगरतट मिळून सुमारे १५,००० पौंड खर्च झाला. त्या काळाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती.

मार्गदर्शक जाणता असेल, तर तो प्रवाशांना आधी नगराच्या तटावर चढवतो. हा तट सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा असून त्याला २१ बुरूज आणि ३ मुख्य दरवाजे आहेत. त्यावरून चालताना दुर्ग आणि पेठ ही एकाच आराखड्याची दोन अंगे आहेत, हे नजरेस पडते. दुर्गातील शिबंदी मोठी नव्हती. १२८४ च्या हुकुमात किल्लेदाराच्या हाताखाली ३० लढाऊ माणसे नेमल्याची नोंद असून त्यांपैकी १५ धनुर्धारी होते. एवढ्या थोड्या माणसांनी प्रदेश ताब्यात ठेवायचा, तर पायथ्याशी विश्वासातील वस्ती हवी. म्हणून इंग्लंडमधून व्यापारी व कारागीर आणून वसविण्यात आले, त्यांना सनद देण्यात आली, आणि दुर्गाचा किल्लेदार हाच पेठेचा नगरप्रमुख ठरला. लष्करी व नागरी सत्ता एका हाती ठेवण्याची ही व्यवस्था होती.

ही जागा मोकळी नव्हती. तेथे ॲबरकॉन्वीचा सिस्टर्शियन मठ होता, आणि १२४० मध्ये मरण पावलेला ग्विनेदचा थोर राजा लिवेलिन महान याचे दफन याच मठात झाले होते. एडवर्डने मठ नदीच्या वरच्या अंगाला मायनन येथे हलविला. मठाच्या चर्चचे पेठेचे चर्च झाले आणि ते आजही उभे आहे. पराभूत घराण्याच्या स्मृतिस्थळावरच जेत्याची पेठ उभी राहिली, हे सांगितल्याशिवाय कॉन्वीचा परिचय पूर्ण होत नाही.

दुर्ग अभेद्य वाटला, तरी तो हल्ल्याने नव्हे तर युक्तीने पडला. ओवाइन ग्लिन्डूर याचे बंड सुरू असताना, १४०१ च्या गुड फ्रायडेला शिबंदी प्रार्थनेसाठी चर्चमध्ये गेली असता, ग्विलिम आणि रिस या तुदुर घराण्यातील बंधूंच्या माणसांनी दुर्ग घेतला. त्यांपैकी एकाने सुताराचा वेश घेऊन आत प्रवेश मिळविला, असे सांगतात. या घराण्याचे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

बोमॅरिस : हलविलेले गाव

कॉन्वीहून मेनाई सामुद्रधुनी ओलांडून अँगल्सी बेटावर गेले की बोमॅरिस लागते. नावाचा अर्थ 'सुंदर दलदल'. तो शब्द नॉर्मन फ्रेंच आहे, वेल्श नव्हे. येथे खडक नाही, उंचवटा नाही. हा सर्वार्थाने भुईकोट आहे. त्यामुळे स्थपतीला भूमितीचे पूर्ण स्वातंत्र्य मिळाले. एका तटात दुसरा तट, चारही बाजूंनी सममिती, भोवती पाण्याचा खंदक आणि समुद्राकडील दरवाजाशी भरतीच्या वेळी गलबत आणण्याची सोय, अशी ही रचना आहे. समकेंद्री दुर्गरचनेचा सर्वोत्कृष्ट नमुना म्हणून अभ्यासक तिचा उल्लेख करतात.

बांधकाम १२९५ मध्ये सुरू झाले. पुढच्या वर्षीच्या एका पत्रात स्थपती जेम्स याने कामावरील माणसांचा हिशेब दिला आहे. त्यात ४०० पाथरवट, २,००० मजूर आणि खाणीवरील २०० कामगारांचा उल्लेख येतो. पैसा कमी पडत गेला आणि राजाचे लक्ष स्कॉटलंडकडे वळले. दुर्ग अपुराच राहिला. बुरूज ठरल्या उंचीपर्यंत कधी गेलेच नाहीत.

दुर्गाच्या सौंदर्याविषयी मार्गदर्शक भरभरून बोलतो. परंतु जवळच असलेल्या लानवाइस या वेल्श वस्तीविषयी विचारावयास हवे. हे भरभराटलेले व्यापारी बंदर होते. नव्या पेठेला स्पर्धा नको म्हणून तेथील रहिवाशांना बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे नेऊन वसविण्यात आले. त्या वस्तीला इंग्रजीत 'न्यूबरो', म्हणजे 'नवी पेठ', असे नाव पडले. विस्थापितांच्या वस्तीला 'नवे' हे विशेषण मिळावे, यातील विसंगती सांगायला कोणत्याही टिपणीची गरज नाही.

कायर्नार्वॉन : नगराकडे तोंड केलेली भिंत

तिसरा टप्पा कायर्नार्वॉनचा. नावातील 'कायर' म्हणजे गड, आणि संपूर्ण नावाचा अर्थ मोन (अँगल्सी) बेटासमोरील प्रदेशातील गड असा होतो. जवळच रोमन लष्करी तळाचे अवशेष आहेत. बहुकोनी बुरूज आणि भिंतीतील रंगीत दगडांचे पट्टे यांमुळे हा दुर्ग इतरांहून वेगळा दिसतो. ही रचना कॉन्स्टँटिनोपलच्या तटावरून सुचली असावी, असे मत मांडले गेले आहे. ते सर्वमान्य नाही.

१२९४ मध्ये मादोग आप लिवेलिन याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, तेव्हा बंडखोरांनी नगराचा तट ओलांडून नगर जाळले आणि दुर्गातही प्रवेश केला. याचे एक कारण असे की, नगराच्या बाजूची दुर्गाची भिंत अद्याप उभी राहिलेली नव्हती. तेथे केवळ खंदक होता. उठाव मोडल्यावर ही उत्तरेकडील भिंत बांधण्यात आली. त्याच सुमारास निघालेल्या आज्ञांनुसार वेल्श लोकांना तटबंद नगरांत मालमत्ता घेण्यास व शस्त्र बाळगण्यास मनाई झाली, आणि ग्लिन्डूरच्या बंडाच्या वेळी १४०१-०२ मध्ये अशाच निर्बंधांचा इंग्लंडच्या संसदेने पुनरुच्चार केला. व्यवहारात ते सर्वत्र सारख्या काटेकोरपणे पाळले गेले नाहीत, तरी कायद्याचा आशय स्पष्ट होता.

याच दुर्गात प्रवाशांना हमखास सांगितली जाणारी एक आख्यायिका आहे. इंग्रजीचा शब्दही न बोलणारा राजपुत्र देण्याचे वचन एडवर्डने वेल्श सरदारांना दिले आणि नुकतेच जन्मलेले आपले मूल त्यांच्यापुढे धरले, अशी ती कथा. मूल येथे जन्मले हे खरे. दुसऱ्या एडवर्डचा जन्म २५ एप्रिल १२८४ रोजी कायर्नार्वॉनमध्ये झाला. मात्र त्या वेळी त्याचा थोरला भाऊ अल्फॉन्सो हयात होता. 'प्रिन्स ऑफ वेल्स' हा किताब त्याला मिळाला तो १३०१ मध्ये, लिंकन येथे. कथेची नोंद सोळाव्या शतकातील आहे. तिचा ऐतिहासिक आधार नसला, तरी विजेत्याने पराभूतांच्या भाषेविषयी केलेला विनोद म्हणून तिचे मोल आहे.

हा दुर्ग विसाव्या शतकातही राजकीय समारंभाचे रंगस्थळ राहिला. १३ जुलै १९११ रोजी पाचव्या जॉर्जच्या मुलाला येथे 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून विधिपूर्वक अधिकारवस्त्रे देण्यात आली. त्या वेळी दुर्गाचा किल्लेदार हे मानाचे पद वेल्शभाषी लॉइड जॉर्ज यांच्याकडे होते. पाच महिन्यांनी, १२ डिसेंबरला, तोच राजा दिल्ली दरबारात भारताचा सम्राट म्हणून बसला होता. जुन्या राजधान्यांच्या पार्श्वभूमीवर सत्तेचे दर्शन घडविण्याची ही एकाच वर्षातील दोन उदाहरणे भारतीय अभ्यासकाने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १ जुलै १९६९ रोजी येथेच झालेल्या चार्ल्स यांच्या समारंभाला मात्र वेल्समध्ये उघड विरोध झाला.

तटाबाहेरची भाषा

आता तुदुर घराण्याकडे वळू. कॉन्वी घेणाऱ्या बंधूंचा भाऊ मारेदिद याचा पणतू सातवा हेन्री म्हणून १४८५ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला. त्याच्याच मुलाच्या कारकिर्दीत, १५३६ च्या कायद्याने, वेल्समधील न्यायालयांची व अधिकारपदांची भाषा इंग्रजी ठरली. त्याच घराण्यातील एलिझाबेथच्या काळात बायबलचे वेल्श भाषांतर करण्याची आज्ञा झाली, आणि १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन याने ते पूर्ण केले. राजदरबारातून व न्यायालयातून बाहेर गेलेल्या भाषेला प्रार्थनास्थळात प्रमाण गद्य मिळाले. वेल्श टिकण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. याच सुमारास, १५७६ ते १५८५ या काळात, रॉबर्ट विन या वेल्श गृहस्थाने कॉन्वीच्या तटाच्या आत 'प्लास माउर' हा वाडा बांधला. तो आजही पाहता येतो. दुर्ग पाहून थकलेला प्रवासी हा वाडा वगळतो, पण पेठ कोणाची झाली या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते.

'वेल्स' हे नाव इंग्रजांनी दिलेले असून त्याच्या मुळाशी 'परके' असा अर्थ आहे. स्वतःच्या भूमीला वेल्श लोक 'कम्री' म्हणतात, आणि त्यात 'आपल्या प्रदेशातील माणसे' असा भाव आहे. १९६७ आणि १९९३ च्या कायद्यांनी भाषेचे सार्वजनिक स्थान वाढविले, आणि २०११ च्या विधानाने तिला वेल्समध्ये अधिकृत दर्जा दिला. २०२१ च्या जनगणनेत संपूर्ण वेल्समध्ये वेल्श बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के होते. कायर्नार्वॉन ज्या ग्विनेद परगण्यात येते, तेथे ते ६४.४ टक्के होते. ज्या पेठेत वेल्श माणसाला मालमत्ता घेण्यास मनाई होती, तिच्या दुकानांत आज सर्रास वेल्श ऐकू येते. चित्र निर्वेध नाही. २०११ मध्ये संपूर्ण वेल्सचे प्रमाण १९ टक्के होते, म्हणजे दहा वर्षांत ते घटले आहे.

समारोप

या दुर्गांची देखभाल करणाऱ्या वेल्श सरकारच्या संस्थेचे नाव 'कादू' असे आहे. त्या वेल्श शब्दाचा अर्थ 'राखणे'. परकीय राजाने उभारलेल्या तटांची राखण पराभूतांच्या भाषेतील नाव धारण करणारी संस्था करीत आहे, आणि तेथील फलक दोन्ही भाषांत आहेत. एका दिवसाच्या सहलीत हे सर्व पाहता येते, मात्र त्यासाठी काही प्रश्न मनाशी धरून जावे लागते. ही जागा आधी कोणाची होती? आतल्या पेठेत राहण्याचा हक्क कोणाला होता? दुर्गाची भिंत कोणाकडे तोंड करून बांधली गेली? मार्गदर्शकाला हे विचारले, तर राजांच्या आख्यायिकांपलीकडचे वेल्स तो आनंदाने दाखवील. मराठी मुलखाबाहेर राहून मराठीचा विचार करणाऱ्यांनाही या सहलीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. भाषा टिकते ती तिच्याभोवती तट बांधल्याने नव्हे. प्रार्थना, शाळा, बाजार आणि घर यांत तिला रोजचे काम असले, म्हणजे ती टिकते.