पुन्हा पुन्हा भट्टीत जाणारी काच

रंगीत काचेचे तुकडे भट्टीत तापवून एकजीव करण्याच्या कलेला काचसंमीलन म्हणता येईल. व्यवहारात तिला ग्लास फ्युजिंग म्हणतात. सुमारे ६५० अंश सेल्सिअसला सपाट काच मऊ होऊन साच्यात बसते. ७४०च्या आसपास तुकडे नुसते चिकटतात, त्यांचे उंचवटे शाबूत राहतात. ८०० ओलांडल्यावर सारे वितळून एक गुळगुळीत पट्ट होतो. म्हणूनच चढ्या तापमानाची भाजणी आधी करतात आणि आकार देण्याची नंतर. क्रम उलटला तर घडवलेली वाटी पुन्हा सपाट होते.

एकच काच अनेकदा भाजण्याची ही पद्धत ज्यांच्या हाती विशेष खुलली, त्यांत हँबर्गचे क्लाउस मोये अग्रगण्य होत. काच वितळवायची, तिच्या पट्ट्या कापायच्या, त्या नव्याने मांडून पुन्हा वितळवायच्या, अशी त्यांची रीत. परस्परांशी जमणाऱ्या रंगीत काचा मिळणे हीच त्यांची मोठी अडचण होती. १९७९ मध्ये ते अमेरिकेतील पिलचक येथे शिकवण्यास गेले असता पोर्टलंडच्या बुल्सआय या कारखान्याच्या मंडळींशी त्यांची गाठ पडली. अशा काचांच्या निर्मितीला त्या भेटीतून चालना मिळाली.

जमणे म्हणजे नेमके काय? बाजारात काच ९० किंवा ९६ अशा प्रसरणांकाने ओळखली जाते. ९० म्हणजे एक मीटर काच एक अंशाने तापली की नऊ मायक्रॉन वाढते. आता तीस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, एक ९० आणि एक ९६ अंकाची, साधारण ४८० अंशांवरून खोलीच्या तापमानापर्यंत निवू द्या. त्यांच्या आकुंचनात जेमतेम ०.०८ मिलिमीटरचा फरक पडेल. परंतु काच ताणून घेत नाही, ती तडकते. तरीही अंक जुळला म्हणजे काचा जमल्या, ही समजूत मला घातक वाटते. निवताना काच कधी आळते हे तिच्या श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर, ठरते. प्रसरण आणि श्यानता या दोहोंचा मेळ म्हणजे सुसंगती. एकट्या अंकातून ती कळत नाही.

ही सुसंगती कायमची नसते, ही गोष्ट मात्र नवशिक्याच्या सहसा ध्यानात येत नाही. दुधाळ काचेत अतिसूक्ष्म स्फटिक किंवा थेंब विखुरलेले असतात. कॅडमियम-सेलेनियमच्या लाल-पिवळ्या काचांत तर रंगाचे कण तापल्यावरच वाढीस लागतात. दर भाजणीला हे घटक बदलू शकतात आणि त्यांच्यासोबत भोवतालच्या काचेची घडणही. पहिल्या भाजणीत उत्तम जमलेली जोडी चौथ्या भाजणीनंतर फुटू शकते, ती यामुळे. साध्या पारदर्शक काचा तुलनेने स्थिर असतात.

उपाय एकच, चाचणी. पारदर्शक पट्टीवर रंगीत काचांचे नखाएवढे तुकडे अंतराअंतराने ठेवावेत, शेजारी पट्टीच्याच काचेचा एक तुकडा ठेवावा, आणि प्रत्यक्ष कलाकृती जितक्यांदा भाजायची तितक्यांदा हे सारे भाजावे. मग पट्टी दोन आडव्या-उभ्या ध्रुवण-पत्र्यांमध्ये धरून उजेडाकडे पाहावे. दृश्य काळेभोर दिसते. जिथे ताण आहे तिथे तुकड्याच्या कडेला चांदण्यासारखी प्रभा उमटते. ताणलेल्या काचेचा हा प्रकाशगुण डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिला. प्रभा पट्टीच्याच तुकड्याभोवतीही दिसली तर दोष रंगाचा नसून अनुशीतनाचा, म्हणजे काच हळूहळू निववण्यात झालेल्या घाईचा, समजावा.

अनुशीतनात तर घाई मुळीच चालत नाही. बुल्सआयची १२ मिलिमीटर जाडीची काच ४८२ अंशांवर दोन तास राखून ४२७पर्यंत ताशी ५५ अंशांनी उतरवतात. २५ मिलिमीटरला हेच चार तास आणि ताशी १५ अंश होतात. दुसऱ्या खेपेस तापवतानाही वेग कमी ठेवावा लागतो, कारण आता भट्टीत सुटे पातळ तुकडे नसून एक जाड गोळा असतो.

इतके करूनही काच फुटलीच, तर तडा बोलतो. तो रंगाच्या सीमेला बिलगून गेला असेल तर काचा विजोड होत्या. कडा गोलसर झाल्या असतील तर काच तापतानाच तडकली आणि नंतर वितळून कडा बोथटल्या. कडा धारदार असतील तर ती निवताना गेली.