आंबा आपला, भाव कोणाचा?

कोणत्याही देशाचे अर्थकारण तीन गोष्टींवर उभे असते: निसर्गाने दिलेली संपत्ती, ती बाजारापर्यंत नेणारी वाहतूक आणि धंदा करण्याची मोकळीक. यांपैकी एक जरी लंगडी पडली तरी बाकीच्या दोन फार काळ भार पेलू शकत नाहीत. हे समजून घ्यायला दिल्लीचे अंदाजपत्रक वाचायला नको. आपला रत्नागिरी जिल्हा पुरेसा आहे.

निसर्गाने येथे हात आखडता घेतलेला नाही. जांभ्या कातळावर हापूस आणि काजू पिकतो, मिरकरवाडा बंदरात मासळी उतरते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या येथील तरुण पोटासाठी मुंबईला आणि पुढे आखातात गेला. याचे एक मोठे कारण वाहतूक. आंबा आणि मासळी दोन्ही नाशवंत. वेळेत पोहोचले तर पैसा, नाहीतर नुकसान. पूर्वी मुंबईची वाट आगबोटीची होती आणि पावसाळ्यात तीही बंद असे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यासाठी रत्नागिरीजवळ करबुडे येथे साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा खोदावा लागला. १९९९ पासून भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची सोय झाली. मात्र मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले रुंदीकरण दहा वर्षांहून अधिक काळ रखडले. रस्त्यावर गेलेला प्रत्येक तास पेटीच्या भावातून वजा होतो.

पण वाहतूक सुधारली म्हणजे भाव मिळालाच असे नाही. फवारणी, राखण आणि मजुरीसाठी अनेक बागायतदार हंगामापूर्वीच दलालाकडून उचल घेतात. मग पेटी त्याच दलालाच्या वाशीच्या गाळ्यावर पाठवणे भाग पडते. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. पण कायद्याने दिलेली मोकळीक उचलीच्या ओझ्याखाली वापरता येत नाही.

मोकळीक म्हणजे बेशिस्तही नव्हे. मे २०१४ मध्ये फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली. तपासणी सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठवण्याचा निर्णय झाला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याचा लाभ घेण्यासाठी बागायतदाराने स्वतःची नोंदणी करावी लागते.

आपले अनेक बांधव दुबईत कमावतात. तेथे तेलाचा साठा शेजारच्या अबू धाबीच्या मानाने फारच थोडा. परंतु १९७९ मध्ये जेबेल अली बंदर खुले झाले, व्यापाराला सवलती मिळाल्या आणि इतरांच्या मालाच्या ने-आणीवर ते शहर श्रीमंत झाले. जपाननेही लोखंडाचे खनिज आणि कोळसा परदेशातून आणून पोलाद विकले. आपल्याकडे उलट घडते: माल आपला, आणि त्यावरची कमाई दुसऱ्याची.

यावर उपाय अवघड नाहीत. चार-सहा बागायतदारांनी मिळून एक ट्रक ठरवावा. उचल शक्य तितकी कमी करून बँकेचे पीककर्ज घ्यावे. सगळा माल एकाच गाळ्यावर न पाठवता थोडा तरी थेट गिऱ्हाइकाला विकावा. डागी फळाचा रस काढावा. पेटी बनवणाऱ्या सुतारांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांचेही काम शिकून घ्यावे. झाड निसर्गाने दिले, रूळ सरकारने टाकले. हिशेब मात्र आपला आपणच ठेवायचा आहे.